शनिवारऐवजी बुधवार

शनिवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी हौसाबाई कोकरे धुळोबावाडीच्या शाळेच्या पायरीवर येऊन बसली. शाळेला कुलूप होतं.

ती आदल्या दिवशी दुपारी मेंढरांच्या तळावरून निघाली होती. रात्र कऱ्हाडच्या स्टँडवर काढून, तीन गाड्या बदलून ती पोचली. पालकसभा अकराची, त्याआधी दहा मिनिटं. बारापर्यंत ती तशीच बसून राहिली. मग जगदाळे गुरुजी, आमचे मुख्याध्यापक, दळण घेऊन समोरून चालले होते, त्यांनी तिला पाहिलं.

"हौसा? इथं काय करतीस?"

"सभा हाय न्हवं, गुरुजी? पोरीला न्यायला आलीय."

"अगं, सभा बुधवारी झाली. शाळा सुटली. बाई तुझ्या पोरीला घेऊन साताऱ्याला गेल्या, त्यांच्या घरी."

हौसाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग कुलपाकडे. "कागदात शनवार व्हता," ती म्हणाली.

मी त्या वेळी तिथे नव्हते. हे गुरुजींनी मला सुट्टीनंतर सांगितलं. साताऱ्याला गेलेल्या बाई त्या मीच. या गोष्टीला तेहेतीस वर्षं झाली.

धुळोबावाडी माण तालुक्यात. दोन शिक्षकी शाळा, बेचाळीस मुलं, त्यातली निम्म्याहून अधिक धनगरांची. दसरा झाला की मेंढरं घेऊन माणसं पश्चिमेला निघत. दिवाळीपर्यंत घाटाच्या अलीकडे चरत, भातं निघाली की कोकणात उतरत आणि पावसाच्या तोंडावर परतत. बहुतेक मुलं आईबापांबरोबर जात. पहिल्या सत्रात भरलेला वर्ग दुसऱ्या सत्रात अर्धा होई. ज्यांचे आजी-आजोबा गावात राहत, ती चार-पाच मुलं तेवढी मागं उरत.

या मुलांच्या आईबापांसाठी मी पालकपत्र काढायचे. एक पान, कार्बन घालून चार प्रती. वरच्या अर्ध्यात बातम्या, खालच्या अर्ध्यात पुढचे कार्यक्रम. गावातले घोंगडी विणणारे दगडूतात्या सणगर दर मंगळवारी घोंगड्या घेऊन घाटाच्या अलीकडच्या बाजाराला जात. तळावरचं कोणी ना कोणी त्या बाजाराला मीठमिरची घ्यायला येई. तात्या चौथी शिकलेले. घोंगड्यांच्या ढिगावर बसून ते माझं पत्र मोठ्यानं वाचत आणि बुधवारी परत आले की लोक काय म्हणाले ते मला सांगत.

"बाई, लसीकरणाचं कुणी ऐकंना," ते म्हणायचे. "सुरेश मासाळचा दात पडला ते मात्र दोनदा वाचाय लावलं. त्याचा बाप इचारत व्हता, वरचा का खालचा?"

त्यानंतर मी अशा बातम्या नेमक्या लिहू लागले. वरचा की खालचा. साप निघाला तर कोणत्या वर्गात, किती लांब, कोणी काढला. माझ्या पत्रातली तारीख किंवा वेळ कधी चुकली नव्हती, याचा मला अभिमान होता.

हौसाबाईची मुलगी शेवंता चौथीत होती. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा होती आणि शाळेतून ती एकटीच बसणार होती. पण तिची आजी उन्हाळ्यात वारली होती, मागं ठेवायला घरात कोणी नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हौसाबाई माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. बाहेर घोड्यावर बिऱ्हाड लादून झालं होतं.

"बाई, हिला तुमच्याजवळ ठिवू का?"

"ठेवा की."

"खायाला जरा नाटाळ हाय. दूध देऊ नका, दूध लई झालंय तिला आयुष्यात." ती हसली. मग म्हणाली, "कागदात तिचं नाव तेवढं येऊ द्या. दर खेपंला. एक ओळ."

मी अडतीस वर्षांची होते. लग्न केलं नव्हतं. दोन भावांची शिक्षणं, त्यांचे संसार यात राहून गेलं होतं. खोलीत एक स्टोव्ह, एक कॉट, एक रेडिओ. शेवंता आल्यावर संध्याकाळी खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज होऊ लागला. ती पाढे म्हणायची, मधेच थांबून विचारायची, "बाई, आत्ता आमची मेंढरं कुठं असतील?" मी नकाशा काढून बोट ठेवायचे. ती माझं बोट काढून तिथं स्वतःचं ठेवायची.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पत्रात मी लिहिलं: "शनिवारी सकाळी अकरा वाजता पालकसभा व प्रगतिपुस्तकांचे वाटप. त्यानंतर सुट्टी. ज्यांना मुलांना सुट्टीसाठी तळावर न्यायचे असेल त्यांनी स्वतः यावे. मूल दुसऱ्या कोणाबरोबर पाठवले जाणार नाही." बातम्यांत शेवंताची ओळ होती: "शेवंता कोकरे हिने साहेबांच्या तपासणीत सतरापर्यंतचे पाढे न अडखळता म्हटले."

बुधवारी तात्या आले. "हौसाबाईनं तेवढी ओळ तीनदा वाचाय लावली. शनवारी येती म्हणाली, नक्की. परकर शिवलाय पोरीला."

शेवंता दाराआड ऐकत होती. त्या दिवसापासून तिनं पाटीच्या कोपऱ्यात आकडा लिहायला सुरुवात केली. दहा. नऊ. आठ.

पाटीवर पाच होते तेव्हा, सोमवारी दुपारी, पंचायत समितीचं परिपत्रक आलं. निवडणुकीच्या कामासाठी गुरुवारपासून शाळेची इमारत रिकामी करून, कुलूप लावून हवी होती. सत्र बुधवारीच संपवायचं.

"सभा बुधवारी घेऊ," गुरुजी म्हणाले. "गावात दवंडी देतो. तळावर कोणाला कळवायचंय?"

मागं राहिलेली मुलं चार. तिघांच्या आज्या गावात होत्या, सभेला त्याच येणार होत्या. प्रश्न एकाच घराचा होता.

"फक्त हौसाबाईला," मी म्हणाले.

"मग उद्या तात्याबरोबर कागद द्या. उद्या सांजच्याला निघाली तरी बुधवारी पोचंल."

त्या रात्री मी दुरुस्ती लिहिली. तीन ओळी. शनिवारऐवजी बुधवार, वेळ तीच, काही कारणाने येणे न झाल्यास शेवंता शिक्षिकेसोबतच थांबेल. मंगळवारी सकाळी सव्वासहाला मी एस्टीच्या थांब्यावर गेले. तात्यांचं गाठोडं वर टाकायला कंडक्टर कुरकुरत होता. साडेसहाला गाडी सुटली. ती वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते.

बुधवारी अकराला सभा झाली. रंगा खरातची आजी काठी टेकत आली, तिला बघून मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेवंताचा पहिला नंबर होता. गुरुजींनी नाव पुकारलं तेव्हा ती उठली नाही, ती फाटकाकडे बघत होती. दुसऱ्यांदा पुकारल्यावर आली.

साडेबारापर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"बाई, आय आली न्हाई."

"जमलं नसेल."

"परकर शिवलाय म्हनली व्हती."

"मेंढरं सोडून येणं सोपं असतं का? चल. उद्या आपण साताऱ्याला जाऊ. माझ्या भाचीकडे खूप पुस्तकं आहेत."

गुरुवारी आम्ही निघालो. गाडीत ती खिडकीशी बसली आणि मेंढरांचा प्रत्येक कळप वळून बघत राहिली, दिसेनासा होईपर्यंत.

शनिवारी गुरुजींनी हौसाबाईला माझा पत्ता कागदावर लिहून दिला आणि साडेबाराच्या गाडीत बसवून दिलं. ती सव्वापाचला आमच्या दारात उभी राहिली. वहिनी बाहेर दिवे पुसत बसली होती.

"कोण पाहिजे?"

"बाईंचं घर ह्येच का? शेवंताची आय हाय मी."

मी आतून आले. तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. काखेत फडक्यात बांधलेलं बोचकं. मी खुर्ची पुढे केली, ती उंबऱ्याजवळ जमिनीवर बसली. वहिनीनं पाणी दिलं. तिनं तांब्या वर धरून एका दमात संपवला.

"शाळंला कुलूप व्हतं, बाई."

"तारीख बदलली, हौसाबाई. वरून आदेश आला."

"आमास्नी काय कळालं न्हाई."

"कागद पाठवला होता."

"कवा?"

"मंगळवारी. तात्यांबरोबर."

"बाजाराला म्याच गेलते मंगळवारी. म्या इचारलं की तात्याला, बाईचा कागूद? तर न्हाई म्हणला आज."

मी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"इसारला असंल," तीच म्हणाली. "म्हातारा झालाय आता."

"असेल," मी म्हणाले.

तो कागद त्या वेळी आतल्या खोलीत, खुंटीला लावलेल्या माझ्या पर्समध्ये होता. चार घड्या घातलेला. मंगळवारी थांब्यावर तात्यांनी हात पुढे केला होता. "काय हाय का, बाई?" आणि मी म्हटलं होतं, "आज काही नाही."

कारण विचाराल तर माझ्याकडे चांगलं कारण होतं. आदल्या वर्षी कमल मासाळ दिवाळीला तळावर गेली ती परत आली नाही. वैशाखात तिचं लग्न झालं, अकराव्या वर्षी. शेवंताचंही तसंच होईल याची भीती खोटी नव्हती. पण मंगळवारी सकाळी मी अंधारात थांब्याकडे चालले होते तेव्हा माझ्या डोक्यात कमल नव्हती. डोक्यात एवढंच होतं की सुट्टीचे एकवीस दिवस खोलीत पाढ्यांचा आवाज नसेल.

शेवंता मधल्या दारात उभी होती. माझ्या भाचीचा फ्रॉक घातलेला, हातात पुस्तक. ती किती वेळ ऐकत होती मला माहीत नाही.

"शेवंते!" हौसाबाई उठली.

शेवंता जागची हलली नाही. "बुधवारी सगळ्यांची माणसं आली. रंग्याची म्हातारी आली काठी टेकत."

"मला ठावं न्हवतं गं, बाय."

"बाईंनी कागूद पाठवला व्हता की."

हौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आरोप नव्हता. तिला वाटत होतं, मी मधे पडून पोरीची समजूत काढीन. एक वाक्य पुरलं असतं. वहिनी दिवे पुसायची थांबली होती. मी वहिनीला म्हटलं, "चहा टाकतेस का जरा?"

हौसाबाईनं बोचकं सोडलं. हिरवा परकर, लाल काठ, हातशिलाईचा. "बघ तरी."

शेवंतानं पाहिला नाही.

"पहिला नंबर आला म्हनं. गुरुजी बोललं."

"हं."

"तुझा बा लई खूश हुईल. चल आता. आपल्या मोरी मेंढीला दोन पिल्लं झाल्यात. एक समदं पांढरं हाय, कानच काळं. तुझी वाट बघतंय."

"पिल्लाला काय कळतंय माझी वाट?"

"पिल्लाला न्हाई. मला कळतंय."

शेवंताचा ओठ थरथरला. मला तो दिसला, हौसाबाईला दिसला नसावा, कारण पोरीनं तेवढ्यात मान फिरवली. "मला अभ्यास हाय," ती भिंतीकडे बघून म्हणाली.

चहा आला. हौसाबाईनं तो बशीत ओतला आणि प्यायली नाही.

"बाई, तुमी सांगा. तुमचं ऐकंल ती."

हे तिनं मला विचारलं तेव्हा सहा वाजायला दहा मिनिटं होती. मी म्हणाले, "परीक्षा फेब्रुवारीत आहे, हौसाबाई. सुट्टीत सराव झाला तर बरं होईल."

"व्हय का." तिनं मान हलवली. हळूहळू, दोन-तीनदा. "मग ऱ्हाऊ द्या. शिकू द्या. हितं उजेड बी चांगला हाय."

ती उठली. परकराची घडी घालून तिनं ती उंबऱ्याच्या आत ठेवली. शेवंताजवळ जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. पोर भिंतीसारखी उभी. मी स्टँडपर्यंत सोडायला येते म्हटलं तर हौसाबाई म्हणाली, "नगो. वाट बघितलीय आता. तुमी पोरीजवळ ऱ्हावा."

साडेसहाची कऱ्हाड गाडी होती.

सात वाजता शेवंता आतून परकर घालून बाहेर आली. बरोबर मापाचा होता.

"आय कोंच्या गाडीनं गेली?"

"कऱ्हाडच्या."

"ती गाडी माघारी येती का?"

"येते. उद्या सकाळी."

ती दारात बसली. आम्ही जेवायला बोलावलं तरी उठली नाही. मी शेजारी जाऊन बसले, तेव्हा ती माझ्याकडे न बघता सरकली. मला जागा करून दिली की माझ्यापासून लांब झाली, ते मला तेव्हा कळलं नाही.

सुट्टी संपून शाळा भरली त्या सकाळी तात्या आले. गुरुजी समोरच होते.

"बाई, हौसाबाई म्हनती तुमी कागूद दिलता. माझ्याकडं कागूद आलाच न्हवता."

"दिला होता, तात्या," मी म्हणाले. "तुमच्या पिशवीत टाकला होता."

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "असंल मग. घोंगड्यातनं पडला असंल. वय झालं."

तळावरच्या लोकांनी त्या वर्षापासून तात्यांच्या हाती निरोप देणं बंद केलं. मीही पालकपत्र पोस्टानं पाठवू लागले. ती बहुतेक परत येत.

शेवंताला शिष्यवृत्ती मिळाली. जूनमध्ये मेंढरं परतली तेव्हा ती आईला भेटली, आठ दिवस घरी राहिली, मग सातवीपर्यंत माझ्याकडे आणि पुढे कऱ्हाडच्या वसतिगृहात. तळावर ती पुन्हा कधी गेली नाही. दर दिवाळीला हौसाबाई कोणाकडून तरी विचारायची, "येती का?" आणि शेवंता म्हणायची, अभ्यास आहे. पुढे पुढे हौसाबाईनं विचारणं सोडलं. माय-लेकीत भांडण असं कधी झालं नाही. शेवंता आता फलटणला पशुधन विकास अधिकारी आहे. हौसाबाई धाकट्या लेकाजवळ वाडीत असते. शेवंता तिला पैसे पाठवते, औषधं पाठवते. फोन मात्र ती मला करते, दर रविवारी, न चुकता.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी ती म्हणाली, "बाई, आईला इकडं आणायचं म्हणतेय येत्या दिवाळीपासून. डोळ्यांचं ऑपरेशनही होईल. पण ती येत नाही."

"का?"

"म्हणते, तुला माझी सवय न्हाई, मला तुझी न्हाई. अवघडल्यावानी हुईल." ती हसली. "खरंच आहे म्हणा. मी दहा वर्षांची असताना ती एकदा आली नव्हती, तेव्हापासून मी तिच्याशी नीट बोललेच नाही. मूर्खपणा. पण तो कागद मिळूनसुद्धा ती आली नाही, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. ती उगीच तात्यांवर ढकलतेय असं वाटायचं."

"तिला कागद मिळाला नव्हता," मी म्हणाले.

"हो, तात्यांनी हरवला ना."

"तात्यांनी हरवला नाही. मी दिला नव्हता."

पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते. मी सगळं सांगितलं. थांबा, पर्स, वहिनीला टाकायला लावलेला चहा. चार मिनिटं लागली असतील.

"कागद कुठंय तो?"

"त्याच दिवाळीत जाळला. बंबात."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"आणि तात्या तर गेले."

"अकरा वर्षं झाली."

"बाई," ती म्हणाली. मी वाट पाहिली. "बाई, मी गाडी बाजूला घेऊन थांबलेय. आता ठेवते."

पुढच्या दोन रविवारी तिचा फोन आला नाही.

धुळोबावाडीच्या शाळेत आता प्रणिता भिसे म्हणून एक तरुण शिक्षिका आहेत. पालकांचा मोबाइलवर गट आहे, जुनी शिक्षिका म्हणून त्यांनी मलाही त्यात घेतलंय. काल दुपारी गटात सुट्टीची सूचना आली, प्रगतिपुस्तकं शुक्रवारी. त्यानंतर प्रणिताबाईंनी मला वेगळा निरोप पाठवला: "बाई, तुमची विद्यार्थिनी शेवंताताई आल्यात वाडीत. पांढरी गाडी हौसाआजींच्या दारात उभी आहे सकाळपासून. ऑपरेशनला न्यायला आल्यात का?"

मी विचारलं, अजून आहे का गाडी?

सात वाजता त्यांचं उत्तर आलं. गाडी दारातच होती. घराचं दार लोटलेलं होतं, आत दिवा होता. धाकटा लेक, सून आणि नातवंडं बाहेर कट्ट्यावर बसून होती. त्यांना आत कोणी बोलावलं नव्हतं.